दोष आढळला नाही

बोलतो कोंकणी, पण हिशेब मराठीत लिहायची सवय,
म्हणून ही वही.
पुढून पेट्रोल, टायरची हवा,
डॅशबोर्डवरच्या म्हार्दोळच्या जायांचे वीस रुपये.
आणि जूनपासून
शेवटच्या पानावरून उलटं सुरू केलेलं हे:

अकरा जून. बोरी पूल संपतो तिथलं वळण. वेग अडतीस.
चाक दगड झालं.
दोन सेकंद. कदाचित तीन.
समोरून केळ्यांचा टेम्पो.

चोवीस जून. कुंडईचा उतार. वेग पन्नास.
पडद्यावर पिवळं चाक उमटलं, शेजारी उद्गारचिन्ह.
मी उजवीकडे म्हणालो, गाडी सरळ म्हणाली.
मग एकदम ऐकलं,
इतकं, की हात रिकामाच फिरला.

दोन जुलै. पुन्हा बोरी.
मागे बाबांची नात, कानात गाणी.
तिला कळलं नाही.

बापूस तांडेल होता, खनिजाच्या बार्जीवर.
सांगायचा, सारमानसला सुकाणू फिरवावं
तेव्हा आमोण्याला बार्ज मान हलवते.
उशिरा ऐकणाऱ्याला भ्यायचं नसतं रे,
त्याच्याशी आधी बोलायचं असतं.
पण हिच्याशी आधी कधी बोलू?
नव्याण्णव वेळा एका बोटाने वळते,
उंबऱ्यावरून मांजर वळावं तशी.
शंभरावी कुठली, हे तिलाही ठाऊक नाही.

वेर्ण्याच्या सर्व्हिस सेंटरात एसी, कॉफी, रंगीत माशांची टाकी.
एल्टन नावाचा मुलगा, स्वभावाने चांगला.
म्हणाला, तक्रार एका शब्दात सांगा.
मी म्हणालो, जड.
मग म्हणालो, जड नव्हे. बहिरं.
तो पडद्यावर चौकोन शोधत राहिला.
बहिऱ्याला चौकोन नव्हता.
तीन दिवस गाडीला वायर लावून ठेवली, सलाईनसारखी,
आणि कागद आला:
दोष आढळला नाही.

रघुवीरबाबांनी कागद वाचला, चष्मा काढला
आणि माझ्या हातांकडे बघितलं.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
"वय झालं काय रे तुझं?"
गाडी एक कोटी चौदा लाखांची, ती कशी चुकेल.
मी बावीस हजारांचा.

फोंड्याला डॉक्टर केरकरांकडे गेलो.
हात पुढे करून धरायला लावले,
डोळे मिटून बोट नाकाला लाव म्हणाले,
हातोडीने कोपर ठोकलं. रक्त, साखर, नजर.
कागद आला:
दोष आढळला नाही.

आता डॅशबोर्डच्या कप्प्यात दोन कागद, एकावर एक.
गाडी निर्दोष, मी निर्दोष.
राहता राहिलं वळण.
ते बिचारं पूल झाला तेव्हापासून तिथेच आहे.

सात ऑगस्टला चावी बाबांपुढे ठेवली.
म्हटलं, आज तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो.
चालवायचं सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती.
चपला काढून बसले, देवळात बसल्यासारखे.
पुलावर आलो. खाली ओहोटीत बायका खुबे काढत होत्या.
मांडीवरचे माझे हात आपोआप उठले
आणि जिथं चाक नव्हतं तिथं घट्ट आवळले.
वळण आलं.

गाडी वळली. मांजरासारखी.
बाब हसले. "बघ!"
चढावर एका हाताने चालवू लागले.
मी बघितलं.
मला त्या मऊपणाचीच भीती वाटते,
हे कुठल्या चौकोनात लिहू?

रात्री वहीत लिहिलं:
सात ऑगस्ट. बोरी पूल. वेग चाळीस. चालक: मालक.
काही झालं नाही.
खरं ते लिहायचं, आपल्याविरुद्ध असलं तरी.

उद्या नातीला दाबोळीला पोचवायचं आहे.
विमान साडेनऊला. मी सहालाच निघेन म्हणतो,
दुर्भाटला जाऊन, रासईच्या फेरीबोटीने.
बाबांना सांगेन, पुलावर गर्दी असते.
पाण्यावर तेवढा वेळ तरी
सुकाणू दुसऱ्याच्या हातात असेल,
आणि ते
उशिरा का होईना,
ऐकतं.